तांबडीचे सात नियम

१८ नोव्हेंबर

चिऊ,

आशीर्वाद आहेतच, ते काही पाकिटात घालून पाठवावे लागत नाहीत. आम्ही दोघं बरे आहोत. आईचा पाय ठीक आहे. म्हणजे थंडी येणार हे हवामानवाल्यांच्या आधी तिच्या नडगीतल्या स्क्रूंना कळतं, आणि जिना अजून एकेक पायरी करतच चढते. पण हे तुला दर रविवारी फोनवर कळतंच. मी तेच दळण पुन्हा कशाला दळू?

तुझं पत्र परवा आलं. दहा महिन्यांनी तुझं अक्षर पाहिलं. पाकीट फाडलं नाही, कात्रीने कडेने कापलं. ‘तुमच्याशी बोलायला लागलं की भांडण होतं, म्हणून लिहिते’ हे वाक्य सोडून बाकी सगळं आईला वाचून दाखवलं. भिंगरीने काढलेलं गाडीचं चित्र तिने फ्रिजला लावलंय. चाकं पाच आहेत. माझी नात आहे, एखादा सुटा भाग जादा बाळगणारच.

तर तू तांबडी खोक्यातून बाहेर काढलीस. मला वाटलं होतं ती तुमच्या माळ्यावर तशीच पडून राहील. मार्चमध्ये तू खोकं उचलून नेलंस तेव्हा ‘तुमच्या नजरेसमोर नको’ एवढंच म्हणाली होतीस. चालवणार आहेस असं काही म्हणाली नव्हतीस.

जावईबापू तिला खेळणं म्हणतात असं लिहिलंस. म्हणू देऊ नकोस. रिमोटवर चालत असली तरी साडेतीन किलोचं धूड, आत खरं इंजिन, नायट्रोचं इंधन आणि मोकळं मैदान मिळालं की ताशी साठ किलोमीटर. ते खेळणं नव्हे. हे मी गमतीत लिहीत नाही.

आता तुझी तक्रार. दोरी ओढून ओढून खांदा गेला, इंजिन एकदा खोकतं आणि गप्प बसतं. तुमच्याकडे सकाळी डबक्यांवर बर्फाची साय धरते म्हणतेस, मग ते खोकलं हेच खूप झालं. थंड हवा दाट असते. ती इंजिनात जास्त शिरते, त्या मानाने इंधन कमी पडतं, आणि धातू गारठलेला असल्यामुळे पेट धरत नाही. म्हणून इंधनाची बाटली रात्रभर बाहेर ठेवू नकोस, घरात उबेला असू दे. सुरू करण्याआधी पाच मिनिटं केस वाळवायच्या यंत्राने इंजिनवर गरम हवा सोड, पण इंधन भरण्याआधी, नंतर नाही. या इंधनाची ज्योत दिवसाउजेडी डोळ्यांना दिसत नाही, हात भाजल्यावरच कळतं. आणि हे सगळं उघड्यावर. थंडी वाजते म्हणून मोरीत किंवा बंद खोलीत इंजिन लावायचं नाही, त्या धुराने माणूस बसल्या जागी झोपतो.

पुठ्ठ्यावरचे नियम तुला आठवत असतीलच. तू बारा वर्षांची असताना स्केचपेनने लिहिलेला तो पुठ्ठा अजून माझ्या कामाच्या टेबलावर भिंतीला आहे. तरी लिहितो. रिमोटच्या आणि गाडीतल्या बॅटऱ्या नव्या घाल, आणि मैदानावर पोचेपर्यंत खिशात ठेव. थंडीत त्या बघता बघता उतरतात. इंधन गाळून भर. हवेच्या गाळणीचा स्पंज तेलात भिजवलेला हवा. चाकांचे नट हाताने हलवून बघ. प्लॅस्टिकचे दांडे गारठले की काचेसारखे तुटतात, तेव्हा पहिली दोन मिनिटं उड्या नकोत. आणि काम झालं की टाकी रिकामी करून इंजिनात तेलाचे दोन थेंब.

सोबत डबीत एक प्लग पाठवतोय. तुझा काढून हा लाव, आणि मोठी सुई आणखी एक पूर्ण फेरा उघड, म्हणजे इंधन भरपूर येईल. एवढं करूनही नाहीच सुरू झाली तर हट्ट धरू नकोस. यंदाची थंडी जाऊ दे. गाडी काही पळून जात नाही.

हे शेवटचं वाक्य लिहून झाल्यावर पुन्हा वाचलं. खोडत नाही, पान घाण दिसतं.

भिंगरीला तीनचाकी सायकल घ्या ना. त्या वयाला तेच बरं.

तुझा चीफ मेकॅनिक,
बाबा


४ डिसेंबर

चिऊ,

काल दुपारी तुझं पत्र मिळालं. तुम्ही तिघं खुशाल आहात हे वाचून बरं वाटलं. आमच्याकडे नवीन काही नाही. नळाचा वायसर बदलला. शेजारच्या मास्तरीणबाई आईसाठी काठी घेऊन आल्या, खाली रबर लावलेली, देखणी. आईने ती दाराआड उभी केली आणि पाहुणी असल्यासारखी तिच्याकडे बघते. वापरत नाही.

तू मला चांगलंच पकडलंस. ‘बाबा, प्लग काढून पाहिला तर ओला चिंब. तुम्हीच शिकवलं की ओला प्लग म्हणजे इंधन जास्त झालं, गाडी उलटी करून ते काढून टाकायचं आणि सुई आवळायची. थंडीत सुई उघडायची ती फेऱ्याचा आठवा भाग, फार तर पाव. तुम्ही पूर्ण फेरा का लिहिलात? आणि पाठवलेला प्लग उन्हाळ्यातला आहे, थंडीत गरम प्रकारचा लागतो. तुम्ही यात कधी चुकत नाही.’

वय झालं, दुसरं काय! बाटल्या भरायच्या कारखान्यात चौतीस वर्षं यंत्रं दुरुस्त केली, नुसत्या आवाजावरून बेअरिंग कुठलं गेलं ते सांगायचो, आणि आता उन्हाळ्याचा प्लग हिवाळ्यात. हसू नकोस.

हसत नसशील. तू दोन वेळा लिहिलंस की मी यात कधी चुकत नाही. एकदा पत्राच्या मध्ये आणि एकदा खाली, नावाच्या वर. तसं लिहू नकोस.

ओलं इंजिन कसं सुकवायचं ते तुला येतंच. ते कर, पण घाई कशाला? माझ्या डोक्यात एक आलंय. रिमोट आणि गाडीतला रिसीव्हर, ती काडेपेटीएवढी डबी, हे दोन्ही काढून पार्सलने माझ्याकडे पाठव. वर्षभर खोक्यात होते, दमट हवेने टाके गंजले असतील. मी बघतो, पुसतो, आठवड्यात परत पाठवतो. इंजिनला हात लावायची गरज नाही, तेवढीच दोन खोकी. जमलं तर उद्याच पाठव.

तू विचारलंस, ‘तुम्ही सहा नियम लिहिलेत, पुठ्ठ्यावर सात होते. भिंगरीकडून सगळे पाठ करून घ्यायचेत. पहिला कुठला होता? काही केल्या आठवत नाही.’

आता मी टेबलाशीच बसून लिहितोय आणि पुठ्ठा समोर आहे. पहिल्या ओळीवर तेलाचा डाग पडलाय, नीट वाचता येत नाही. आठवलं की कळवतो.

परवा आपल्या गाड्यांच्या मैदानावरचे घड्याळजी आले होते. अजून तेच भिंग डोळ्याला आणि तीच विडीची सवय. मैदानावर आता कोणी जात नाही, गवत वाढलंय म्हणाले. मग चहा घेता घेता म्हणाले, “चिऊ येत नाही वाटतं इकडे? पोरीने फारच मनाला लावून घेतलं. अहो, बॅटरी बघायची राहते एखाद्याची, त्यात काय एवढं! तुम्ही बाप आहात, तुम्ही दोन शब्द बोलायला हवेत.” मी म्हटलं, “हो, बोलायला हवं.” आई आतून ऐकत होती. ती बाहेर आलीच नाही, कप तसेच राहिले.

त्या सकाळचं मी इथे काही लिहिणार नाही. तुला ते माझ्याइतकंच पाठ आहे. एवढंच सांगतो की हल्ली मला कुठलंही छोटं इंजिन ऐकवत नाही. खालच्या बागेत गवत कापायला माणूस येतो, त्याचं यंत्र चालू झालं की मी खिडक्या लावतो. तुमच्या गावचं तापमान रोज वर्तमानपत्रात बघतो. उणे दिसलं की बरं वाटतं, म्हणजे बाहेर पडणार नाहीत असं मनात येतं. आकडा चढला की पान मिटून ठेवतो. आई म्हणते, “अहो, जावई तिकडे नोकरीला गेलेत, शेतीला नाही. हवामान कशाला बघता रोज?”

पार्सल पाठव. विसरू नकोस.

तुझा
बाबा

ता. क. भिंगरीला नियम पाठ करायला लावण्यापेक्षा गाडीपासून लांब ठेवणं सोपं. ती पळत सुटते. तिचं नावच त्यावरून पडलंय.


१९ डिसेंबर, गुरुवार, दुपार

चिऊ,

तुला, जावईबापूंना आणि भिंगरीला आशीर्वाद. आम्ही बरे आहोत असं लिहिणार होतो. मी बरा नाही. आजारी नाही, पण बरा नाही.

काल आईने तुला फोन करून रविवारी तांबडी लावू नकोस म्हणून शपथ घातली, आणि कारण सांगितलं नाही. कारण हे पत्र आहे. आई समोर खुर्चीत बसली आहे. पाय स्टुलावर. पत्र पुरं होईपर्यंत उठणार नाही म्हणते.

काल सकाळी तुझं पत्र आलं. पार्सल नाही, पत्रच. ‘ती गाडी आता माझी आहे, मला ती स्वतःच नीट करायची आहे’ असं तू लिहिलंस, ते बरोबरच आहे. पुढे वाचलं. दुकानदाराने गरम प्रकारचा प्लग दिला. सुई तू तुझ्या कानाने लावलीस. इंजिनच्या डोक्यावर जावईबापूंचा जुना मोजा ओढलास, म्हणजे गारठा लागणार नाही, आणि पाण्याचा थेंब टाकून पाहिलास तर तो चुर्रकन उडाला. विटेवर चढवून दोन मिनिटं चालवलीस, मागून पांढऱ्या धुराची रेघ निघाली आणि आवाज अगदी सरळ. चिऊ, एरवी हे वाचून मी घरभर नाचलो असतो. मी शिकवलेलं कोणी इतकं नीट केलेलं नाही.

आणि मग शेवटची ओळ. ‘रविवारी सकाळी शाळेच्या मैदानावर नेतोय. भिंगरी पलीकडच्या टोकाला उभी राहून रुमाल हलवणार, मी गाडी तिच्यापर्यंत नेऊन थांबवणार.’

 मी चीफ मेकॅनिक! दोन पत्रांत तुला उलटसुलट सांगून ते इंजिन सुरू होऊ नये म्हणून धडपडत होतो. हो, मुद्दाम. पूर्ण फेरा मुद्दाम लिहिला. उन्हाळ्यातला प्लग डबीत शोधून, पुसून, मुद्दाम पाठवला. वाटलं होतं, दमेल आणि ठेवून देईल. तू दमणारी नाहीस हे मला तू बारा वर्षांची होतीस तेव्हाच कळायला हवं होतं.

पुठ्ठ्यावर तेलाचा डाग नाही. पहिला नियम स्वच्छ वाचता येतो. तुझं अक्षर, लाल स्केचपेन: ‘गाडी सुरू करण्याआधी रिमोट एकदा बंद करून बघणे. ब्रेक लागलाच पाहिजे.’

मी तो लिहिला नाही, कारण तू तो पाळला असतास तर सगळं तुला दिसलं असतं. ज्या एका तपासणीने भिंगरी वाचेल तीच मी तुझ्यापासून लपवली. हे लिहिताना मला स्वतःची भीती वाटते आहे.

आता नीट सांगतो. घाईने सांगितलं तर पुन्हा काहीतरी सुटेल.

गेल्या जानेवारीत, त्या रविवारच्या आदल्या दिवशी, दुपारी मी टेबलाशी बसून सातही नियम एकेक करून तपासले आणि पुठ्ठ्यावर पेन्सिलने खुणा केल्या. पहिल्यालाही केली. रिमोट बंद केला, ब्रेक लागला, खूण केली. मग सगळ्यात शेवटी ब्रेक जोरात लावून पाहत होतो तर सर्व्होचा दात तुटला. सर्व्हो म्हणजे गॅस आणि ब्रेक दोन्ही ओढणारी ती छोटी मोटर. एका बाजूला वळली की गॅस, दुसऱ्या बाजूला वळली की ब्रेक. संध्याकाळी घड्याळजींकडचा दुसऱ्या बनावटीचा आणून बसवला. तो उलटा फिरायचा. ट्रिगर ओढला की ब्रेक लागे, ढकलला की गॅस. रिमोटवर दिशा बदलायची एक कळ असते, ती दाबली. सगळं सुरळीत. मी खूष. अर्ध्या तासात काम फत्ते.

पण सिग्नल तुटला तर काय करायचं हे रिमोटला ठाऊक नसतं. ते गाडीतल्या रिसीव्हरला आधी शिकवून ठेवावं लागतं, त्यालाच आपण फेलसेफ म्हणतो. त्याला मी केव्हाच शिकवलं होतं की रिमोट गेला तर मोटर उजवीकडे वळव. जुन्या मोटरीत उजवीकडे ब्रेक होता. नव्या मोटरीला उजवीकडे म्हटलं की ती डावीकडे वळायची, म्हणजे पूर्ण गॅस. रिमोटवरची कळ मी फिरवली, पण रिसीव्हरला कोणी काही सांगितलंच नाही. तो आपला जुनंच धरून बसला होता.

मोटर बदलली की पहिल्या नियमापासून पुन्हा सुरुवात करायची, हे मीच तुला शिकवलं. केलं नाही. पुठ्ठ्यावर खूण होती ना आधीच. रविवारी मैदानावर घड्याळजी आणि बाकीचे चारजण उभे होते, बोटं गारठली होती, आणि मला माझी नवी मोटर दाखवायची घाई झाली होती. रिमोट तासभर त्या गार सिमेंटच्या कट्ट्यावर पडला होता. तो कट्ट्यावर मीच ठेवला होता. मग तुझ्या हातात दिला आणि म्हटलं, “चल, दाखव यांना.”

बॅटऱ्या आठवड्याच्या होत्या, हे खरं. थंडीने त्या उतरल्या, हेही खरं. पण थंडीत बॅटरी उतरणं हे रोजचंच आहे गं. ती उतरली तर गाडीने जागच्या जागी थांबायचं असतं. तेवढ्यासाठीच तर पहिला नियम पहिला आहे. तांबडी थांबली नाही. ती किंचाळत सुटली आणि आई थर्मास घेऊन येत होती त्या बाजूला वळली.

तू शेवटपर्यंत ट्रिगर ब्रेककडे ढकलून धरला होतास. मी पाहिलं. तुझं बोट पांढरं पडलं होतं. आणि मी त्या पाच जणांसमोर तुझ्यावर ओरडलो, “बॅटरी पाहिली नाहीस! एवढंसं काम सांगितलं होतं, तेही नाही!” त्या क्षणी मला खरंच तसं वाटलं होतं. त्या ओरडण्याची मी माफी मागितली असती.

पण मंगळवारी आईचे कपडे न्यायला मी हॉस्पिटलमधून घरी आलो. तांबडी टेबलावर होती, चिखलाने भरलेली. पुसायला घेतली. सवयीने दोन्ही बटणं चालू केली, सवयीने रिमोट बंद केला. टक करून कार्बोरेटरचं तोंड पूर्ण उघडलं, म्हणजे पूर्ण गॅस. पुन्हा चालू केला, बंद केला. पुन्हा टक. तीनदा केलं. मग खोकं आणलं, गाडी आत ठेवली आणि चिकटपट्टी लावली. ती मोटर उलटी करायला, रिसीव्हरला नव्याने शिकवायला दोन मिनिटं पुरली असती. मला तिला हात लावायची हिंमत झाली नाही.

कपड्यांची पिशवी घेऊन परत आलो. तू वॉर्डबाहेरच्या बाकावर बसली होतीस, तोच निळा स्वेटर, आईच्या रक्ताचा डाग तसाच. तू उठून म्हणालीस, “बाबा, मी बॅटरी बघायला हवी होती.”

आणि मी म्हणालो, “हो. बघायला हवी होतीस.”

तेव्हा मला सगळं ठाऊक होतं, चिऊ. अर्ध्या तासापूर्वी कळलं होतं.

का म्हणालो, ते मी अकरा महिने स्वतःला विचारतोय. भीती, दुसरं काही नाही. आतून डॉक्टर येत होते, पाय वाचेल की नाही तेही नक्की नव्हतं, आणि मला वाटलं, हिला कळलं, आईला कळलं, तर माझ्याकडे कोण बघेल? चौतीस वर्षं लोक मला ‘हा चुकत नाही’ म्हणत आले. ते गेलं तर माझ्याजवळ राहतं काय? म्हणून तुझ्या गळ्यात घातलं. आज उद्या सांगू म्हणत गेलो आणि दर आठवड्याला ते जास्त जड होत गेलं. मार्चमध्ये तू खोकं घेऊन दारात उभी राहिलीस तेव्हा शब्द अगदी ओठांवर आले होते. मी दार धरून उभा राहिलो, तुला जाऊ दिलं. ते बिघडलेलं यंत्र, माझ्या हाताने बिघडलेलं, माझ्या नातीच्या घरी जाऊ दिलं.

काल तुझं पत्र वाचून स्वयंपाकघरात गेलो. आई मटार सोलत होती. तिला हे सगळं सांगितलं, उभ्यानेच.  शेवटी तिने एवढंच विचारलं, “म्हणजे तिने काही केलं नव्हतं?”

“नाही,” मी म्हटलं.

“फोन केला की ती मला आधी पाय कसा आहे ते विचारते,” आई म्हणाली. “कशी आहेस, जेवलीस का, हे नंतर. आधी पाय. दर रविवारी. आणि तुम्ही शेजारी बसून ऐकता.”

मग ती उठली. ती काठी दाराआडून पहिल्यांदाच घेतली, माझा हात घेतला नाही, आणि फोनपाशी गेली. मी म्हटलं, मी बोलतो. ती म्हणाली, “तुम्ही बोलाल आणि मध्येच रडाल, ती तुमचीच समजूत काढत बसेल. ते आता नको. तुम्ही लिहा. सगळं लिहा. तिला ते दहादा वाचता आलं पाहिजे.” तुझा आवाज मला इथपर्यंत ऐकू आला. तू आधी पायच विचारलास.

आता तू काय करायचंस ते सांगतो. टाकी रिकामी कर. प्लग काढ, म्हणजे इंजिन चुकूनही पेटणार नाही. गाडी विटेवर ठेव, चाकं अधांतरी. हवेची गाळणी काढलीस की कार्बोरेटरचं तोंड दिसतं. भिंगरी घरात असू दे, जावईबापूंना मात्र शेजारी उभं कर, त्यांनीही पाहायला हवं. आधी रिमोट चालू कर, मग गाडी. ट्रिगर ओढून बघ, ढकलून बघ, सगळं बरोबर चालेल. मग ट्रिगर सोडून दे, दोन्ही हात बाजूला घे, आणि जावईबापूंना रिमोट बंद करायला सांग.

टक असा आवाज येईल आणि तोंड पूर्ण उघडेल. तुझा हात कशालाही लागलेला नसेल.

लगेच दुरुस्त करू नकोस. हवं तितक्या वेळा बघ. मी तीनदा बघितलं, तू तीस वेळा बघ. नंतर रिसीव्हरला नव्याने शिकव, ते तुला येतं, माझ्यापेक्षा नीट येतं. मग ती चालव किंवा खड्ड्यात पूर, तुझी आहे.

घड्याळजींना आज संध्याकाळी जाऊन सांगणार आहे, आणि मैदानावरच्या त्या बाकीच्यांनाही, एकेकाच्या घरी जाऊन. सगळ्यांसमोर बोललो होतो, सगळ्यांनाच सांगायला हवं. आई म्हणते, तीही बरोबर येईल. काठी घेऊन.

माफ कर असं मी लिहिलं होतं, ते खोडलं. तुला त्याचंही उत्तर द्यावं लागेल, आणि तू पुष्कळ दिलंस. पत्र आलं नाही तर मी समजेन. पोस्टमनची वाट मात्र बघणार. मला फार भीती वाटते आहे.

पुठ्ठा भिंतीवरून काढून या पाकिटात घातला आहे. भिंगरीकडून सातही नियम त्याच्यावरूनच पाठ करून घे. पहिल्या ओळीपुढे पेन्सिलची खूण दिसेल. ती माझी आहे.

आईचा पाय तुझ्या हातून मोडला नाही. माझ्या हातून मोडला.

बाबा